‘डेटा गेला’ हे निदान नाही, हात झटकणं आहे

पोस्ट मोठी आहे. पण तुमच्या गावातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत, पतसंस्थेत किंवा वाचनालयात जो एक जुना कॉम्प्युटर कसाबसा चालतोय, त्याच्याशी तिचा थेट संबंध आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या तालुक्यात हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. “सर, डेटा गेला. फॉरमॅट मारून देतो.”

हे वाक्य ऐकलं की माणूस मान डोलावतो. दुःखाच्या घरी मान डोलवावी तशी. गेला म्हणजे गेला, त्याला कोण काय करणार? मग पाचशे रुपये दिले जातात, कॉम्प्युटर चकाचक होऊन परत येतो आणि वीस वर्षांचं काम खरोखरच जातं. म्हणजे बघा, डेटा आधी गेलेला नसतोच. ‘गेला’ असं जाहीर केल्यानंतर तो घालवला जातो. त्या घालवण्याची मजुरीही आपणच देतो.

मुद्द्यावर येतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबवली. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत ठेवली, पण ती मलमपट्टी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळांमधली, लहान संस्थांमधली बरीचशी मशिन त्या चाळणीतून खाली पडतात. मशिन ठणठणीत आहे, टायपिंग होतं, छपाई होते, मुलं शिकतात, पण नव्या विंडोजला ते चालत नाही. मग कुणीतरी हुशार तरुण म्हणतो, “सर, लिनक्स टाकू. विंडोज पण राहील, लिनक्स पण राहील. चालू करताना जे पाहिजे ते निवडायचं.” यालाच ड्युअल बूट म्हणतात. एकाच डिस्कवर दोन संसार.

कल्पना उत्तम आहे. माझा तिला शंभर टक्के पाठिंबा आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर कॉमेंटमध्ये दोन्हीकडचे शिपाई भांडायला येतील. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर मुलांना शिकवताहेत. भारत सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. सी-डॅकनं ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स केव्हाच बनवलं, आणि त्या सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. तेव्हा जुनी मशिन भंगारात घालण्यापेक्षा लिनक्स टाकणं केव्हाही शहाणपणाचं.

पण हा दुसरा संसार मांडताना भिंत चुकली की काय होतं, आणि चुकल्यावर आपल्याकडे जे केलं जातं ते किती अडाणीपणाचं आहे, यावर मला बोलायचंय.

आधी डिस्कवर नेमकं काय असतं ते समजून घेऊ. आपण शेतीवाडीची माणसं, त्याच भाषेत सांगतो.

डिस्क म्हणजे एक मोठं रान. त्याचे गट पाडलेले असतात. सी एक गट, डी दुसरा गट. या गटांनाच पार्टिशन म्हणतात. कुठला गट कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो याचा एक छोटा उतारा डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवलेला असतो. तो म्हणजे पार्टिशन टेबल. जुन्या एमबीआर पद्धतीत हा उतारा किती मोठा असतो माहीत आहे? ६४ बाइट. पाचशे जीबीच्या रानाचा सातबारा अवघ्या चौसष्ट अक्षरांएवढ्या जागेत! चार गट, प्रत्येकाला सोळा बाइट, विषय संपला. नव्या जीपीटी पद्धतीत उतारा मोठा असतो आणि त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. म्हणजे एक प्रत तहसीलला, एक जिल्ह्याला.

आता लिनक्स टाकताना चुकीचं बटण दाबलं गेलं, मधेच वीज गेली, पार्टिशन लहान-मोठं करताना मशिन अडकलं, तर बहुतेक वेळा फाटतो तो हा उतारा. कॉम्प्युटर म्हणतो, डी ड्राइव्ह नाही. डिस्क रिकामी आहे. पण मला सांगा, तलाठी कार्यालयातून तुमचा सातबारा गहाळ झाला म्हणून तुमचं शेत गायब होतं का? ऊस तिथेच उभा असतो, विहीर तिथेच असते, बांधावरचं आंब्याचं झाडही तिथेच असतं. मोजणीवाला येतो, हद्दीचे दगड शोधतो, आणि नकाशा पुन्हा उभा करतो.

डिस्कवरही हद्दीचे दगड असतात. विंडोजच्या एनटीएफएस गटाच्या पहिल्या सेक्टरवर त्याची ओळख लिहिलेली असते, आणि त्याच ओळखीची प्रत गटाच्या शेवटी असते. लिनक्सच्या ईएक्सटी४ गटात तर अशा मुख्य नोंदीच्या प्रती ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात. टेस्टडिस्क नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर हेच करतं. ख्रिस्तोफ ग्रेनिए या माणसानं ते लिहिलं आणि जगाला देऊन टाकलं. ते डिस्कवरून चालत जातं, दगड शोधतं, आणि सांगतं की इथून इथपर्यंत एक गट होता. आतल्या फाइलींची यादीसुद्धा दाखवतं.

आणि फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकणं म्हणजे काय? सातबारा सापडत नाही म्हणून उभ्या पिकात जेसीबी घालून त्यावर आरसीसी बांधकाम करणं. त्यानंतर मोजणीवाला आला तरी काय मोजणार, कपाळ?

हे मी हवेत बोलत नाही. जवळच्याच एका जिल्हा परिषद शाळेत घडलेलं सांगतो. शाळेचं, गावाचं, दुकानाचं, कुणाचंच नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा माणसावर जाते आणि पद्धत मोकाट सुटते.

२०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळाशाळांमधली जुनी जनरल रजिस्टरं बाहेर निघाली, तुम्हाला आठवत असेल. या शाळेचीही निघाली. स्वातंत्र्याच्या आधीपासूनची पानं, काही मोडीत, कडा चुरगळलेल्या, शाई उडालेली. तिथल्या दोन शिक्षकांनी स्वतःच्या मनानं एक काम केलं. पानन् पान स्कॅन केलं. आणि रोज शाळा सुटल्यावर बसून एक्सेलमध्ये सूची केली. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जातीची नोंद, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक. कुणी सांगितलं नव्हतं, मानधन नव्हतं. या सूचीमुळे काय व्हायचं, तर जात पडताळणीसाठी आजोबांच्या नोंदीचा उतारा मागायला कुणी आलं की पाच मिनिटांत पान सापडायचं. जातीच्या दाखल्यावर प्रवेश अडकलेल्या मुलीच्या बापाला विचारा, पाच मिनिटं आणि पाच दिवस यात काय फरक असतो.

काम दोन कॉम्प्युटरवर विभागलेलं होतं. अर्धी रजिस्टरं याच्यावर, अर्धी त्याच्यावर. दोन्हीकडे फक्त डी ड्राइव्हवर. तिसरीकडे कुठेही प्रत नाही. तो मुद्दा पुढे येतोच.

विंडोज १० चं ऐकून एका तरुणानं दोन्हीवर लिनक्स टाकायला घेतलं. हेतू चांगला. इन्स्टॉल करताना ‘विंडोजच्या शेजारी टाका’ असा पर्याय असतो आणि ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ असाही असतो. पुसायचा निवडला गेला. इन्स्टॉल अर्ध्यात असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, तिचा प्रस्ताव कुठल्यातरी फायलीत पडून. दोन्ही मशिन बंद पडली. ना विंडोज, ना लिनक्स.

दुसऱ्या दिवशी वार्षिक देखभालीचा ठेकेदाराचा माणूस आला. पहिलं मशिन लावून बघितलं, दहा मिनिटांत निकाल दिला, “डेटा गेला.” सगळी पार्टिशन उडवली, एकच मोठा सी ड्राइव्ह केला, विंडोज टाकलं, प्रिंटर जोडला, सही घेतली, निघाला. दुसरं मशिन ‘उद्या’ म्हणून ठेवलं. त्या संध्याकाळी एका बाईंनी दुसऱ्या मशिनची वायर काढली, ते कपाटात ठेवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. एवढंच. बाईंना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं त्या स्वतः म्हणतात. त्यांनी फक्त म्हटलं, “कुणीतरी नीट बघेपर्यंत याला हात लावायचा नाही.”

पुढे ती दोन्ही मशिन माझ्याकडे आली. कपाटातल्या मशिनची डिस्क काढली, तिची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. पाचशे जीबीला जवळपास दीड तास लागला. प्रतीवर टेस्टडिस्क चालवलं. डी ड्राइव्हची हद्द सापडली, फाइलींची यादी आली, स्कॅन आले, एक्सेल आलं. थोड्या फाइली मधूनच तुटलेल्या निघाल्या, कारण अर्धवट इन्स्टॉलनं डिस्कवर जागोजागी थोडं लिहिलं होतं. पण काम वाचलं.

पहिल्या मशिनवर मात्र विंडोज बसलेलं, ऑफिस बसलेलं, वर दोन महिने वापर झालेला. तिथे फोटोरेक चालवलं. हे टेस्टडिस्कचंच भावंड. ते हद्दी-बिद्दी न बघता डिस्कवरचे तुकडे चाळून फोटो, कागदपत्रं ओळखतं. काही शे चित्रं निघाली, ना नाव, ना क्रम. कुठलं पान कुठल्या रजिस्टरचं, देव जाणे. एक्सेलची सूची आलीच नाही.

एकच शाळा, एकच चूक, एकाच दिवशी गेलेली वीज. एका कॉम्प्युटरचं काम परत आलं, दुसऱ्याचं नाही. फरक कशानं पडला? महागड्या सॉफ्टवेअरनं नाही, इंजिनिअरनं नाही. एका बाईंनी वायर काढली, आणि एका प्रशिक्षित माणसानं फॉरमॅट मारला, एवढाच फरक.

आता काही जण म्हणतील, बिचाऱ्या दुकानदारावर, तंत्रज्ञावर का घसरताय? नाही घसरत. त्याचा हिशोब मांडूनच बोलतो. फॉरमॅटला तासभर लागतो आणि पाचशे मिळतात. प्रत घ्यायची तर तेवढीच मोठी दुसरी डिस्क हवी. एक टीबीची डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या वेगानं वाचली तरी पावणेतीन तास जातात, आणि डिस्क खराब असेल तर दिवस जातो. मग शोधाशोध. एवढं करून गिऱ्हाईक म्हणणार, “फुकटच्या सॉफ्टवेअरचे दोन हजार?” त्यामुळे तो फॉरमॅटच मारणार. आपण पुसण्याचे पैसे देतो, जपण्याचे देत नाही. मग जे विकत घेतो तेच पदरात पडतं.

पण एक गोष्ट मी माफ करणार नाही. ‘माझ्याकडे यासाठी वेळ नाही’ असं म्हणणं वेगळं आणि ‘डेटा गेला’ असं म्हणणं वेगळं. पहिलं प्रामाणिक आहे. ते ऐकलं तर माणूस डिस्क घेऊन दुसरीकडे जाईल. दुसरं खोटं आहे, निदान न तपासता दिलेला निकाल तरी आहेच. नाडी न बघता मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

आता माझ्या लिनक्सप्रेमी मित्रांकडे वळतो, कारण तेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. “अरे सोपं आहे, वीस मिनिटांचं काम!” हे तुमचं पालुपद बंद करा. स्वतःच्या लॅपटॉपवर दहा वेळा पुसून-टाकून शिकलात, त्यात काही बिघडलं नाही. सार्वजनिक कॉम्प्युटर ही तुमची प्रयोगवही नव्हे. पेनड्राइव्ह लावण्याआधी “यावरच्या कामाची प्रत कुठे आहे?” हा प्रश्न विचारला नाहीत, तर तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरची बदनामी तुम्हीच करताय. एक लॅब बिघडली की पुढची दहा वर्षं त्या केंद्रातले मुख्याध्यापक “लिनक्स नको रे बाबा” म्हणत राहतात. त्या शाळेत आज हेच चालू आहे.

आणि तिसरे, साहेब लोक. हा प्रकार सगळ्यात गंभीर आहे, कारण ‘डेटा गेला’ हे त्यांच्यासाठी संकट नसतं, सोय असते. माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तर तयार, “संगणक नादुरुस्त झाल्याने माहिती उपलब्ध नाही.” नादुरुस्त झाला, मग पुढे काय केलंत? डिस्क कुठे आहे? कुणी तपासली? लेखी अहवाल आहे का? काही नाही. डिस्क भंगारात, विषय बंद.

साहेब, माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ नीट वाचा. अभिलेख सूचीबद्ध करून जपणं, आणि जे शक्य आहेत ते संगणकावर आणणं, ही सार्वजनिक प्राधिकरणाची जबाबदारी २००५ पासून आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच. आणि एकदा सरकारकडे असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढंच सांगून नाकारता येणार नाही, शोध घ्या, जबाबदारी ठरवा, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. कागदी फाइल हरवली तर निदान कपाट उघडून बघायची रीत आहे. डिस्क बिघडली की कपाट न उघडताच जाळून टाकतो आपण.

“पण कागद आहे की मूळ!” आहे ना. आज आहे. त्या रजिस्टरची पानं दर वेळी उलटली की कडेचा चुरा खाली पडतो. स्कॅन कशासाठी केलं होतं? कागदाला पुन्हा पुन्हा हात लागू नये म्हणून. आणि त्या शिक्षकांच्या शेकडो संध्याकाळी कुठल्या रजिस्टरात आहेत? त्या फक्त डिस्कवर होत्या.

बरं, ‘गेलेला नसतो’ हे म्हणताना मी ‘नेहमी परत येतो’ असं म्हणत नाहीये. ते खोटं आशावादीपण होईल. दोन गोष्टी आता बदलल्यात आणि त्या सगळ्यांनी समजून घ्यायलाच हव्यात.

एक, एसएसडी. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पुसलेलं सामान, त्यावर नवं लिहीपर्यंत तिथेच पडून राहतं. एसएसडीत ट्रिम नावाची व्यवस्था असते. फॉरमॅट केलं की सिस्टिम एसएसडीला कळवते, ही जागा आता नको आहे, आणि एसएसडी ती रिकामी करून टाकते. मग तिथून वाचायला गेलात तर शून्यं मिळतात. म्हणजे हार्डडिस्कवर फॉरमॅट ही घोडचूक असते, एसएसडीवर बहुतेक वेळा तो अंत्यविधी असतो. गेल्या काही वर्षांत आपण जुन्या मशिनला वेग यावा म्हणून एसएसडी बसवत सुटलोय. चांगलंच आहे. पण त्याबरोबर ‘बघू नंतर’ ही सवलत संपली.

दोन, बिटलॉकर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की अनेक मशिनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ड्युअल बूटसाठी सुरक्षित बूटच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ही किल्ली असते कुठे? ज्याच्या खात्यानं मशिन सुरू केलं त्याच्या खात्यात. आणि ते खातं असतं तीन वर्षांपूर्वी बदली होऊन पलीकडच्या तालुक्यात गेलेल्या सरांचं, वैयक्तिक! सर चांगले असतील तर फोन उचलतील. पण सार्वजनिक कार्यालयाच्या दप्तराची किल्ली कुणाच्या वैयक्तिक ईमेलमध्ये असावी, ही काय पद्धत झाली?

म्हणून आता कामाचं बोलतो. हे लिहून घ्या, भिंतीवर चिकटवा.

१. कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नाही. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ असं काही आलं तर अनेकदा फक्त सुरू करणारा दरवान हरवलेला असतो, घर शाबूत असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर कितीतरी ड्युअल बूट मशिनवर लिनक्स सुरूच होईना. अशा मशिनना हे अपडेट लागू होणार नाही, असं कंपनीनं आधी म्हटलं होतं! कायमचा उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये आला. त्या सगळ्या मशिनवर डेटा जागच्या जागी होता. मधल्या काळात घाबरून कुणी फॉरमॅट मारला असेल, तर तो ज्याचा त्यानं घालवला.

२. गडबड लक्षात आल्याक्षणी मशिन बंद करा. पुन्हा इन्स्टॉल करून बघू नका. नव्यानं बसलेलं लिनक्स नुसतं चालू ठेवलं तरी मागच्या मागे डिस्कवर लिहीत असतं. विंडोज “ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल” असं विचारेल. उत्तर एकच, नाही. डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करू का विचारेल. नाही. चेक-डिस्क चालवू का? नाही.

३. डिस्क खटखट, करकर आवाज करत असेल तर घरगुती प्रयोग लगेच बंद. ती यंत्राची मोडतोड आहे, तिथे प्रयोगशाळेचंच काम.

४. आवाज नसेल तर सगळ्यात आधी पूर्ण डिस्कची प्रत. डीडीरेस्क्यू हे त्यासाठीचं फुकट साधन, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालतं. मूळ डिस्क कोणती आणि कोरी कोणती हे तीनदा तपासा, दुसऱ्या माणसाला दाखवा. उलटं झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत मूळ डिस्कवर चढते, आणि मग मात्र खरंच गेला.

५. टेस्टडिस्क प्रतीवर चालवा, मूळ डिस्कवर नाही. आधी झटपट शोध, नाही सापडलं तर खोल शोध. गट सापडला की आतल्या फाइलींची यादी उघडून बघा. नावं ओळखीची दिसली तर फाइली तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. टेबल पुन्हा लिहिण्याची घाई कशाला? आधी धान्य घरात आणा, मग बांध घाला.

६. जीपीटी डिस्क असेल तर शेवटच्या टोकाची प्रत शाबूत आहे का ते जीडिस्कमध्ये बघा. कधी कधी तेवढ्यानंच काम होतं.

७. फोटोरेक सगळ्यात शेवटी. फाइल येते, नाव जातं.

आणि लिनक्स टाकण्याआधी? प्रत घ्या. ती दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि त्या अवस्थेत त्याच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं. बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवून कपाटात ठेवा. चालू यूपीएस लावा. आणि शक्य असेल तर ड्युअल बूटच्या भानगडीतच पडू नका. दुसरी छोटी एसएसडी घ्या, लिनक्स तिच्यावर टाका, आणि टाकताना जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवा. दोन भावांचं पटत नसेल तर वेगळी घरं बरी.

पण वैयक्तिक शहाणपणावर सार्वजनिक दप्तर चालत नाही. त्या बाई होत्या म्हणून अर्धं वाचलं. प्रत्येक शाळेत अशा बाई असतील या भरवशावर आपण राहायचं का? म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, देखभालीच्या करारात एक ओळ घाला. ‘डिस्कची संपूर्ण प्रत घेतल्याशिवाय आणि संस्थाप्रमुखाच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट, नवे पार्टिशन किंवा नवी सिस्टिम टाकता येणार नाही.’ आणि त्या प्रतीचे पैसे करारात वेगळे धरा. फुकटात जपणूक मागू नका.

दुसरी, दोन बाहेरच्या हार्डडिस्क. एक शाळेत, एक केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत. महिन्याला एकदा प्रत, रजिस्टरात नोंद, सही. शालेय पोषण आहाराच्या तांदळाचा दाण्यादाण्याचा हिशोब ठेवणाऱ्या व्यवस्थेला महिन्याची एक सही जड नाही. “सगळं ऑनलाइन आहे” म्हणून गप्प बसू नका. ऑनलाइन आहे ते वरून मागितलेलं. शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, ग्रामसेवकांनी स्वतःच्या कष्टानं केलेलं काम अजून डी ड्राइव्हवरच आहे.

तिसरी, बाद झालेल्या मशिनची डिस्क भंगारात जाण्याआधी तपासणीचा लेखी अहवाल हवा. कुणी बघितली, काय सापडलं, काय नाही. ‘संगणक नादुरुस्त’ या दोन शब्दांवर कुणाचाही माहितीचा अर्ज निकाली निघता कामा नये.

यात कुठे कोट्यवधींचा खर्च आहे? एका बॅनरबाजीच्या कार्यक्रमाच्या मंडपभाड्यात अख्ख्या केंद्राच्या हार्डडिस्क येतील.

येत्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फक्त तीन प्रश्न विचारा. आपल्या कॉम्प्युटरवरच्या कामाची दुसरी प्रत कुठे आहे? ती शेवटची कधी उघडून बघितली? आणि बिघाड झाला तर फॉरमॅटची परवानगी कोण देतं? उत्तर लेखी मागा, इतिवृत्तात घ्यायला लावा. उत्तर आलं नाही तर तेही लिहायला लावा.

आणि कुणी तुमच्यासमोर “डेटा गेला” म्हणालं, तर शांतपणे विचारा, “प्रत घेऊन बघितलंत का?” नाही म्हणाला, तर वायर काढा, मशिन कपाटात ठेवा, किल्ली खिशात घाला.

तुमच्या शाळेत, संस्थेत असं काही घडलं असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. नाव न घेता लिहा, पण लिहा. पटलं तर पुढे पाठवा, विशेषतः मुख्याध्यापकांच्या आणि ग्रामसेवकांच्या ग्रुपवर.